विद्यार्थ्याचे दप्तर आणि त्याची दुसरी प्रत

विद्यार्थ्याचे दप्तर म्हटले की खांद्यावरची पिशवी, तीतील वह्या-पुस्तके आणि एखादा शाईचा डाग असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते चित्र अजून खोटे झालेले नाही. तथापि आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दप्तराचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. वर्गातील टिपणे, प्रयोगशाळेतील नोंदी, फळ्याची घेतलेली छायाचित्रे, प्रकल्पाचा मसुदा, प्रबंधाची प्रकरणे, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि गुणपत्रिका हे सारे संगणकाच्या हार्ड डिस्कवर, बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर किंवा खिशातील मोबाइलमध्ये साठलेले असते. कागदी दप्तराचे ओझे खांद्याला जाणवत असे, आणि ओझे जाणवते म्हणूनच ते कोठे ठेवले आहे ह्याचेही भान राहत असे. ह्या नव्या दप्तराला ओझे नाही. साहजिकच त्याचे भानही राहत नाही. पूर्वी एक वही हरवली तर एक विषय हातचा जाई. आज एक यंत्र बिघडले तर चार वर्षांचा अभ्यास एका क्षणात नाहीसा होतो.

अक्षरांची ही दाटी किती वाढली आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. 1956 साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने माहिती साठविणारी तबकड्यांची पहिली डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या तीत होत्या, आणि एवढ्या अवजड यंत्रात सुमारे 50 लाख अक्षरे मावत असत. आज नखाएवढ्या कार्डावर त्याच्या हजारो पट मजकूर सहज मावतो. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्याबरोबर एक धोकाही आला आहे. कागदाचा नाश हळूहळू होतो. वाळवी एक कोपरा खाते, ओल एका पानावर चढते, शाई फिकी होते. माणसाला सावध होण्यास अवधी मिळतो. हार्ड डिस्कचे तसे नाही. तीतील तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते, आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. एक धक्का बसला, टोक तबकडीला घासले, की सारा संग्रह एकाच वेळी धोक्यात येतो. पेनड्राइव्ह आणि नव्या पद्धतीच्या डिस्क यांत फिरणारा भाग नसतो. त्यांत अक्षरे सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहतात. पण दीर्घकाळ नुसत्याच पडून राहिल्या तर तो भार हळूहळू झिरपतो, आणि त्या बिघडतात तेव्हा पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना देत नाहीत.

लिहिलेले गमावण्याचे दुःख काही संगणकाने नव्याने आणलेले नाही. 1835 साली टॉमस कार्लाइल ह्या इंग्रजी ग्रंथकाराने फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित आपला मित्र जॉन स्टुअर्ट मिल ह्याच्याकडे वाचावयास दिले. मिलच्या ताब्यात असताना, रद्दी समजून, ते जाळले गेले. दुसरी प्रत नव्हती. कार्लाइलने तो खंड पुन्हा लिहून काढला. त्याच्या चिकाटीचे कौतुक आजवर होत आले आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची अखेरची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे, त्याला कार्लाइलची चिकाटी असली तरी कार्लाइलची सवड नसते.

नाशाची कारणे मोजू गेल्यास चार ठळक दिसतात. पहिले म्हणजे यंत्राचा बिघाड. दुसरे, चोरी किंवा विसरभोळेपणा; बसमध्ये राहिलेली पिशवी ह्याच सदरात पडते. तिसरे कारण आग आणि पाणी. 2019 च्या ऑगस्टात सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव ह्या भागांत, 2020 च्या ऑक्टोबरात हैदराबादेत आणि 2024 च्या ऑगस्टात बडोद्यात पुराचे पाणी वस्तीत शिरले. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह यांची गती एकच होते. चौथे कारण मनुष्याचा हात. कधी तो हात स्वतःचाच असतो. नको असलेली फाइल पुसताना हवी असलेली पुसली जाते. कधी तो परक्याचा आणि दुष्ट असतो. 2017 च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांमधील फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. चीनमधील काही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ऐन पदवीच्या हंगामात त्या तडाख्यात सापडल्याच्या वार्ता तेव्हा आल्या होत्या.

ह्या सर्वांवरचा उपाय दुसरी प्रत हा होय, हे कोणीही सांगेल. पण प्रत घेण्यापूर्वी एक पायरी आहे, आणि ती वगळल्यामुळेच पुष्कळांचा उत्साह मावळतो. ती पायरी म्हणजे मांडणी. जे कोठे आहे हेच ठाऊक नाही, त्याची प्रत घ्यायची कशी? आणि घेतली तरी तीत हवे ते सापडायचे कसे?

पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण ह्या संदर्भात आठवण्याजोगे आहे. मोडी कागदांची गाठोडी, म्हणजे रुमाल, तेथे बांधून ठेवलेले होते. कागद होते, पण ते अभ्यासकाच्या हाती नव्हते. बडोदे संस्थानाच्या नोकरीतून निवृत्त झालेले इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ह्या अफाट साठ्यातून निवड होऊन 1930 पासूनच्या काही वर्षांत 45 खंड छापले गेले, आणि मग कोठे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाला ती सामग्री मोकळी झाली. नुसता साठा म्हणजे ज्ञान नव्हे. त्याला क्रम लागला, नाव लागले, म्हणजे तो बोलू लागतो. आजच्या विद्यार्थ्याच्या संगणकातील ‘डाउनलोड्स’ नावाचा फोल्डर म्हणजे असाच एक न सोडलेला रुमाल असतो. त्यात अभ्यासक्रमाची पत्रिका, वीजबिल, मित्राच्या लग्नाची पत्रिका आणि प्रबंधाचे तिसरे प्रकरण शेजारी शेजारी पडलेले असतात.

मांडणीची रीत फार गुंतागुंतीची असू नये. गुंतागुंतीची रीत आठवडाभरात मोडते. सर्व अभ्यासाचा एकच मूळ फोल्डर असावा. त्यात वर्षानुसार किंवा सत्रानुसार विभाग, प्रत्येक सत्रात विषयांचे उपविभाग, आणि प्रत्येक विषयात टिपणे, वाचन-साहित्य आणि स्वतःचे लेखन असे तीन कप्पे पुरेसे होतात. ह्यापेक्षा खोल जाऊ नये. जी फाइल शोधण्यासाठी सात दारे उघडावी लागतात, ती परत जागेवर ठेवण्याचा कंटाळा येतो आणि ती पुन्हा अंगणातच पडते. अभ्यासाखेरीजच्या कागदांसाठी, म्हणजे प्रमाणपत्रे, अर्ज व पावत्या यांसाठी, निराळा विभाग असावा.

फाइलीला नाव देणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट वस्तुतः अर्धे काम आहे. ‘निबंध’, ‘निबंध नवा’, ‘निबंध अंतिम’, ‘निबंध अंतिम दुरुस्त’, ‘निबंध खरोखर अंतिम’ अशी नामावली कित्येक संगणकांवर आढळते. तीन महिन्यांनंतर ह्यांतला खरा अंतिम कोणता, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. नावातच विषय, कामाचे स्वरूप आणि दिनांक असावा. दिनांकही वर्ष, मग महिना, मग दिवस ह्या क्रमाने लिहावा, उदाहरणार्थ 2026-02-09. दिनांक लिहिण्याची ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा व्यावहारिक लाभ असा की नावांचा नुसता वर्णक्रम लावला तरी तो आपोआप कालक्रम होतो. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची पाचवी तारीख आणि डिसेंबरची पाचवी तारीख शेजारी येऊन बसतात. ह्याच कारणासाठी प्रकरणांचे अंक 1, 2 असे न लिहिता 01, 02 असे लिहावेत. नाहीतर कित्येक प्रणालींत दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी येते. तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह अशी काही चिन्हे विंडोज प्रणाली फाइलीच्या नावात स्वीकारत नाही. ती टाळलेलीच बरी. मराठीतून नाव देण्यास आज सहसा अडचण येत नाही. मात्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवावयाच्या फाइलीला लहानसे रोमन नाव दिलेले सुरक्षित ठरते, कारण काही जुन्या व्यवस्था देवनागरी नावे नाकारतात.

मसुद्यांच्या बाबतीत एक शिस्त फार उपयोगी पडते. प्रकरणात मोठा फेरफार करण्यापूर्वी आहे त्या स्थितीतील फाइल नव्या दिनांकाने वेगळी जतन करावी आणि मग नवीन फाइलीत काम करावे. मार्गदर्शकांनी महिन्याभराने ‘तो पहिला परिच्छेदच बरा होता’ असे म्हटले, तर तो परिच्छेद हाती असतो. ‘अंतिम’ हा शब्द मात्र एकदाच वापरावा. जी प्रत प्रत्यक्ष सादर झाली तिलाच तो शोभतो, आणि ती फाइल पुन्हा उघडून तीत एक स्वल्पविरामही बदलू नये.

मराठीतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर आणखी एक प्रश्न असतो, जो इंग्रजीतून लिहिणाऱ्याला सहसा पडत नाही. संगणकावर देवनागरीचा वापर सुरू झाला तेव्हा निरनिराळ्या फाँटांची अक्षरव्यवस्था निरनिराळी होती. त्या काळात श्रीलिपी, कृतिदेव अशांसारख्या फाँटांत कित्येक प्रबंध आणि लेख टंकलिखित झाले. आज ती फाइल उघडते. परंतु तो फाँट संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक चुरा दिसतो. फाइल वाचली, पण मजकूर वाचता येईना, अशी ही अवस्था! युनिकोड ह्या सामायिक व्यवस्थेत 1991 पासूनच देवनागरीला स्थान आहे, आणि तीत लिहिलेला मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर व मोबाइलवर वाचता येतो. तेव्हा नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाँटांतील काम हाती असेल तर ते परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून नजरेखालून घालावे, कारण परिवर्तनात जोडाक्षरे आणि रफार पुष्कळदा बिघडतात. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या लेखाची एक पीडीएफ प्रत ठेवावी. तीत फाँट फाइलीतच अंतर्भूत करता येतो, त्यामुळे पानाचे रूप जसेच्या तसे राहते.

मांडणी झाली म्हणजे प्रतीचे काम निम्मे हलके होते. आता एक फोल्डर उचलला की सारा अभ्यास उचलला जातो. प्रती किती असाव्यात? पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या व्यवसायातील छायाचित्रे सांभाळण्यासाठी एक सूत्र मांडले, आणि ते आता सर्वत्र मान्य झाले आहे. ते सूत्र तीन, दोन, एक असे आहे. एकूण प्रती तीन असाव्यात. त्या किमान दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक तरी निराळ्या ठिकाणी असावी. विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर एक प्रत रोजच्या संगणकावर, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात, ज्याला क्लाउड म्हणतात, किंवा गावाकडच्या घरी. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने सुट्टीत घरी जाताना पेनड्राइव्हवर एक प्रत नेऊन आईच्या कपाटात ठेवली, तरी सूत्राची तिसरी अट पुरी होते.

सूत्राचे शब्द नवे असले तरी त्यातील शहाणपण मराठी माणसाला अपरिचित नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला. अक्षर कसे असावे, पान कसे राखावे, लेखनाची साधने कशी असावीत, इतक्या बारकाव्यांत ते शिरले. त्यांच्या संप्रदायात ग्रंथांच्या नकला करणे हे कर्तव्यच मानले गेले, आणि ह्या नकला ठिकठिकाणच्या मठांतून, थेट तंजावरपर्यंत, पोहोचल्या. एका मठाला आग लागली वा एका नदीला पूर आला, तरी ग्रंथ उरावा अशी ती व्यवस्था आपोआपच झाली. प्रती पुष्कळ आणि ठिकाणे वेगवेगळी, हेच तेथेही टिकण्याचे रहस्य होते.

येथे एका गैरसमजाचा उलगडा करणे अवश्य आहे. संगणकावरील फोल्डर इंटरनेटवरील साठ्याशी जोडला, म्हणजे दोन्हीकडे फाइली दिसतात आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. परंतु पुष्कळदा ही जोडणी केवळ आरशासारखी असते. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. इकडे प्रकरण बिघडले की तिकडेही बिघडते. बहुतेक कंपन्या पुसलेल्या फाइली काही काळ कचरापेटीत ठेवतात, गूगलच्या साठ्यात ही मुदत 30 दिवसांची आहे. पण उन्हाळ्याची सुट्टी 30 दिवसांहून मोठी असते! जी प्रत मूळ फाइलीच्या चुकीतही तिच्याबरोबर जात नाही, तीच खरी राखीव प्रत. म्हणून एक तरी प्रत अशी असावी की जी काम झाल्यावर यंत्रापासून सोडवून बाजूला ठेवली जाते. खंडणीखोर प्रणालीचा हातही न जोडलेल्या डिस्कपर्यंत पोहोचत नाही.

शिवाय क्लाउड म्हणजे आकाश नव्हे. ते कोठल्या तरी जमिनीवरचे, कोणाच्या तरी मालकीचे यंत्र असते. मायस्पेस ह्या संकेतस्थळाने 2019 मध्ये कबूल केले की यंत्रे बदलताना 2015 पर्यंत लोकांनी तेथे ठेवलेले संगीत नष्ट झाले आहे. 2025 च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्राला आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइलींचा 858 टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची बाहेर दुसरी प्रत नव्हती. गूगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण 2023 च्या डिसेंबरपासून अमलात आणले. महाविद्यालयाने दिलेले खाते तर अभ्यासक्रम संपल्यावर बंद होऊ शकते. तेव्हा निरोपसमारंभाच्या आधीच त्यातील सारे सामान स्वतःच्या जागी हलविले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत घेतली, एवढ्याने काम संपत नाही. ती प्रत परत मिळते की नाही, हे पाहिल्याखेरीज ती प्रत आहे असे म्हणता येत नाही. 1998 साली पिक्सार ह्या अमेरिकन चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी 2’ ह्या चित्रपटाचे काम चालू असताना चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाचा बहुतांश भाग संगणकांवरून पुसला गेला. राखीव प्रतींची व्यवस्था होती. ती उघडली तेव्हा असे दिसून आले की ती व्यवस्था गेले काही दिवस नीट चालतच नव्हती. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन ह्या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून तिने घरच्या संगणकावर एक प्रत नेली होती. जी प्रत कोणी सुरक्षिततेसाठी ठेवली नव्हती ती उपयोगी पडली, आणि जी त्यासाठीच ठेवली होती ती रिकामी निघाली.

दुसरे उदाहरण थेट विद्यापीठाचेच आहे. 2021 च्या डिसेंबरात जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर, जुन्या नोंदी साफ करणाऱ्या कार्यक्रमात केलेल्या सदोष बदलामुळे, सुमारे 77 टेराबाइट माहिती, म्हणजे जवळजवळ 3 कोटी 40 लाख फाइली पुसल्या गेल्या. चौदा संशोधनगटांना झळ बसली, आणि त्यांतील चार गटांची माहिती परत आणता आली नाही. विशेष म्हणजे हा घोटाळा प्रती सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्याच हातून झाला. जेथे तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत आणि पैसाही आहे, तेथे हे घडते. मग एकाच पेनड्राइव्हवर विसंबणाऱ्याने किती सावध असावे, हे निराळे सांगावयास नको.

ह्यासाठी विद्यार्थ्याला मोठी परीक्षा घ्यावयाची नाही. प्रत्येक सत्रात एकदा राखीव डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडावी, तीतील कोणत्याही तीन फाइली, एक जुनी, एक मधली आणि एक नवी, उघडाव्यात, शेवटच्या पानापर्यंत पाहाव्यात. त्या उघडल्या तर मन निर्धास्त होते. न उघडल्या तर मूळ फाइल हाती असतानाच चूक कळते, आणि ती दुरुस्त करता येते. दहा मिनिटांचा हा उद्योग आहे.

हे सर्व करावयास संगणक हवा, डिस्क हवी, आणि ती प्रत्येकाकडे असतेच असे नाही. कित्येक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो भावंडांत वाटून घ्यावा लागतो. अशा विद्यार्थ्याचा सारा अभ्यास व्हॉट्सॲपच्या संभाषणांत विखुरलेला असतो. परंतु संभाषण हे कपाट नव्हे. तेथे आलेली फाइल काही काळाने पुन्हा उतरवून घेता येत नाही, आणि फोन बदलताना ती मागे राहू शकते. महत्त्वाची फाइल आली की ती त्याच दिवशी योग्य नावाने मोबाइलमधील फोल्डरात हलवावी. वहीतील टिपणांची छायाचित्रे सुटी न ठेवता एका विषयाची एकत्र पीडीएफ करावी. मोबाइलला थेट जोडता येणारा पेनड्राइव्ह फार महाग नसतो. तोही शक्य नसेल तर स्वतःच्याच ईमेल पत्त्यावर फाइल पाठवून ठेवणे हीदेखील एक प्रत होय. दोन मित्रांनी एकमेकांच्या प्रती सांभाळण्याचा करार केला, तर खर्चावाचून तिसरे ठिकाण मिळते. महाविद्यालयातील किंवा बाजारातील सामायिक संगणकाला पेनड्राइव्ह जोडताना मात्र जपावे. एकाचा विषाणू सर्वांच्या घरी जाण्याचा तो राजमार्ग असतो. आणि सरतेशेवटी, छापील कागदाला कमी लेखू नये. प्रबंधाचे पुरे झालेले प्रकरण छापून ठेवले तर वीज, पासवर्ड आणि यंत्र ह्यांपैकी कशाचीही वाट न पाहता ते वाचता येते.

पासवर्डाचाही विचार केला पाहिजे. घर शाबूत आहे पण किल्ली हरवली, अशी स्थिती इंटरनेटवरील साठ्याची पुष्कळदा होते. पासवर्ड विसरला जातो, आणि ज्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो तो क्रमांक बंद झालेला असतो. क्रमांक बदलण्यापूर्वी सर्व खात्यांवर नवा क्रमांक नोंदवावा, आणि परतीचे सांकेतिक अंक कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. गुणपत्रिका व प्रमाणपत्रे यांच्यासाठी शासनाने 2015 साली सुरू केलेली डिजिलॉकर ही सोय आहेच. तीत ज्या मंडळांनी आणि विद्यापीठांनी आपली प्रमाणपत्रे उपलब्ध केली आहेत, ती थेट मिळतात. एक जबाबदारी मात्र विसरू नये. पाहणीसाठी ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची नावे, दुखणी आणि मिळकत विद्यार्थ्याच्या फाइलीत असतात. प्रती वाढल्या की ती माहिती बाहेर पडण्याच्या वाटाही वाढतात. अशा फाइलींना कुलूप असावे, आणि त्या मित्राच्या पेनड्राइव्हवर जाऊ नयेत.

हे सारे करावे केव्हा? जुन्या पेढीवर रोजकीर्द रोज लिहिली जाई आणि खतावणी सवडीने, पण ठरलेल्या वेळी होई. तोच नियम येथे चालतो. रोजच्या रोज फाइल योग्य नावाने योग्य जागी ठेवणे ही रोजकीर्द. आठवड्यातून एक वार ठरवून राखीव डिस्कवर प्रत घेणे ही खतावणी. प्रबंधाचे लेखन ऐन भरात असताना मात्र प्रतही रोजच घ्यावी. किती वेळाने प्रत घ्यावी ह्याचा निर्णय एकाच प्रश्नाने होतो. किती दिवसांचे काम पुन्हा करण्याची तयारी आहे? एका दिवसाची असेल तर रोज, आठवड्याची असेल तर आठवड्याने.

आणि सर्वच फाइलींना सारखे मोल नसते, हेही ध्यानात घ्यावे. छापील पुस्तकाची मिळविलेली प्रत गेली तर ती ग्रंथालयातून पुन्हा मिळेल. प्रबंध पदवीस पात्र ठरला की त्याची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा ह्या संग्रहात जाऊन पोहोचते. परंतु त्या प्रबंधामागची सामग्री, म्हणजे क्षेत्रातील टिपणे, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, घराघरांतून घेतलेली जुन्या कागदांची छायाचित्रे, ही बहुधा एकट्या विद्यार्थ्याजवळच राहते. ग्वाल्हेर-इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत किंवा बेळगावच्या बाजूच्या खेड्यांत एखादी विद्यार्थिनी ऐंशी वर्षांच्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणते. तेथील मराठीचे वळण, काही शब्द, काही चाली त्या एका कंठातच उरलेल्या असतात. ते ध्वनिमुद्रण पुसले गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन ते मिळेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून ज्याच्याजवळ एकच प्रत घेण्याइतकीच जागा आणि एकच संध्याकाळ आहे, त्याने जे पुन्हा मिळणार नाही त्यापासून आरंभ करावा. आधी ध्वनिमुद्रणे आणि क्षेत्रटिपणे, मग स्वतःचे लेखन, मग प्रमाणपत्रे, आणि सर्वांत शेवटी उतरवून घेतलेली पुस्तके. ती प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, आणि ठेवण्यापूर्वी एकदा उघडून, ऐकून पाहावी.